कॉम्प्रेसर सुरू झाला की सेटचं व्होल्टेज बसतं: शंट, एआरईपी की पीएमजी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तासगाव भागात तुमचं बेदाण्याचं शीतगृह आहे. ६२.५ केव्हीएचा डिझेल सेट आहे, अल्टरनेटर (वीज तयार करणारं मशीन) ब्रशलेस, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं कार्ड) शंट पद्धतीचा. २५ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालतो, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू होते आणि मग डेल्टात पूर्ण ताकदीवर जाते. लाइट गेल्यावर सेटवर कॉम्प्रेसर लावला की दिवे मंदावतात, आणि चार-पाच वेळांतून एकदा स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा चुंबकी स्विच) सुटून सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. एक मेकॅनिक म्हणतो एव्हीआर बदला. दुसरा म्हणतो शंट पद्धतच कामाची नाही, पीएमजीवाला अल्टरनेटर घ्या. तिसऱ्यानं कॅपॅसिटर लावायला सांगितलंय. तुम्ही विचारता, व्होल्टेज सांभाळायची सगळ्यांत चांगली पद्धत कोणती?

मी २७ वर्षं सांगली, मिरज, इचलकरंजी या पट्ट्यात डीजी (डिझेल जनरेटर) सेटची कामं करतो. पद्धतींची तुलना खाली सविस्तर देतो, पण ती वाचून लगेच खरेदीला निघू नका. मोटर सुरू होताना व्होल्टेज पहिल्या क्षणी जेवढं खाली जातं, ते कुठलाही एव्हीआर थांबवू शकत नाही. एव्हीआरचं काम त्यानंतर सुरू होतं, सावरायचं. तुमचा कॉन्टॅक्टर सुटतो तो पहिल्या क्षणाच्या झटक्यानं की नंतर सावरायला उशीर लागतो म्हणून, हे आधी शोधायला हवं. पैसे कुठे घालायचे ते त्यावर ठरतं.

अल्टरनेटरचं व्होल्टेज मुळात दोन गोष्टींवर ठरतं: रोटर किती वेगानं फिरतो आणि त्यातलं चुंबकत्व किती आहे. वेगाला हात लावता येत नाही, कारण वेग म्हणजेच हर्ट्झ. चार पोलचं मशीन १५०० आरपीएमवर फिरलं तरच ५० हर्ट्झ मिळतात. म्हणून व्होल्टेज सांभाळायचं ते चुंबकत्व कमी-जास्त करून, म्हणजे एक्सायटेशन बदलून. ब्रशलेस मशीनमध्ये हे दोन टप्प्यांत होतं. एव्हीआर स्टेटरकडच्या छोट्या एक्सायटर फील्डला डीसी देतो. त्यामुळे शाफ्टवरच्या एक्सायटर आर्मेचरमध्ये एसी तयार होते, शाफ्टबरोबर फिरणारे डायोड तिची डीसी करतात आणि ती मुख्य रोटरला मिळते. म्हणजे एव्हीआर स्वतः थोड्याशा अँपिअरचंच काम करतो. आज बाजारात ज्या पद्धतींची नावं घेतली जातात, त्यांच्यातला खरा फरक एवढाच आहे की हे काम करायला एव्हीआर स्वतःची ताकद कुठून आणतो.

जुन्या पद्धती थोडक्यात सांगून पुढे जातो. लहान सिंगल फेज पोर्टेबल जनरेटरमध्ये एव्हीआर नसतोच, वेगळ्या वाइंडिंगवर एक कॅपॅसिटर लावलेला असतो आणि व्होल्टेज त्यावर आणि वेगावर ठरतं. दिवे, पंखे चालतात, पण लोड बदललं की व्होल्टेज दहा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे जातं. नव्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये तयार झालेल्या विजेची आधी डीसी करून मग इलेक्ट्रॉनिक्सनं पुन्हा ५० हर्ट्झची एसी करतात, म्हणून तिथे इंजिनचा वेग कमी-जास्त झाला तरी चालतो. तुमच्या मापात ही पद्धत नाही. मोठ्या सेटमध्ये पूर्वी कंपाउंड पद्धत असायची: ट्रान्सफॉर्मर, रिअॅक्टर आणि लोडच्या करंटवर चालणारी वाइंडिंग मिळून फील्डला वीज द्यायची, इलेक्ट्रॉनिक्स काही नाही. व्होल्टेज चार-पाच टक्के हलायचं, पण लोड वाढलं की एक्सायटेशन आपोआप वाढायचं, त्यामुळे मोटर उचलायला ही मशीनं फार दमदार. खडी क्रशरवर अशी जुनी मशीनं मी वर्षानुवर्षं चालताना पाहिली आहेत. धूळ, उकाडा, उंदीर, कशानंही बिघडायला त्यांच्यात नाजूक असं काही नव्हतं. त्या पद्धतीतली चांगली गोष्ट पुढे एआरईपीमध्ये आली, ते सांगतोच.

आता शंट. यात एव्हीआर आपली ताकद अल्टरनेटरच्या मुख्य आउटपुटमधूनच घेतो आणि व्होल्टेज मोजतोही तिथूनच. स्टॅमफर्ड या अल्टरनेटर कंपनीचा एसएक्स ४६० या जातीचा, व्होल्टेज अधिक-उणे एक टक्क्यात ठेवणारा. वायरिंग सोपं, किंमत कमी, तालुक्याच्या गावीही मिळतो. सेट सुरू होताना मशीनच्या लोखंडात उरलेल्या थोड्या चुंबकत्वावर पहिलं व्होल्टेज तयार होतं आणि त्यावर एव्हीआर उभा राहतो. विहिरीवरच्या पंपाला आधी पाणी भरावं लागतं तसंच हे. सेट सहा महिने बंद राहिला तर कधी कधी हे उरलेलं चुंबकत्व जातं, इंजिन चालतं पण व्होल्टेज येत नाही, आणि मग डायोडमधून १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून फील्डला जागं करावं लागतं.

शंटची दुबळी बाजू उघड आहे. व्होल्टेज खाली गेलं की ते सावरायला जास्त एक्सायटेशन लागतं, आणि नेमकी तेव्हाच एव्हीआरची स्वतःची वीजही कमी झालेली असते. व्होल्टेज वीस-पंचवीस टक्के बसलं तरी चांगला एव्हीआर काम करत राहतो, फक्त त्याचा जोर कमी पडतो. शॉर्ट सर्किटमध्ये मात्र तो पुरता आडवा होतो. आउटपुट शून्यावर, म्हणून एव्हीआरची वीज शून्य, म्हणून एक्सायटेशन शून्य. पहिल्या काही सायकलमध्ये मोठा करंट जातो आणि मग सगळं मावळतं. ऐकायला हे बरं वाटतं, पण ते धोक्याचं आहे. एका मंगल कार्यालयात जमिनीखालची केबल दोन फेजमध्ये चिकटली होती. सेट शांतपणे फिरत होता, व्होल्टमीटर जवळजवळ शून्यावर, आणि एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) ट्रिप झालेला नव्हता, कारण त्याला ट्रिप करण्याएवढा करंट टिकलाच नाही. माणसानं एव्हीआर गेला असं समजून इंजिन बंद-चालू केलं, तीन वेळा. दर वेळी त्या केबलला नवा दणका. मी पोचलो तेव्हा केबल ग्लँडमधून धूर येत होता, आणि तिथून दहा फुटांवर मांडवाचं कापड होतं.

एआरईपी ही लिरॉय-सोमर कंपनीच्या अल्टरनेटरमध्ये दिसणारी पद्धत. स्टेटरच्या खाचांमध्ये मुख्य वाइंडिंगबरोबर दोन छोट्या मदतनीस वाइंडिंग घातलेल्या असतात. एकीचं व्होल्टेज आउटपुटच्या व्होल्टेजप्रमाणे राहतं, दुसरीचं लोडच्या करंटप्रमाणे वाढतं. दोन्ही मिळून एव्हीआरला वीज देतात. मोटर सुरू होताना पहिली दुबळी झाली तरी दुसरी जोरात येते, आणि शॉर्ट सर्किटमध्येही ती एव्हीआरला जिवंत ठेवते. कंपाउंडची चांगली गोष्ट म्हणालो ती हीच. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण शाफ्टवर वेगळं काही बसवावं लागत नाही, मशीनची लांबी वाढत नाही. एक मर्यादा आहे: त्या वाइंडिंग कारखान्यातच घातलेल्या हव्यात. तुमच्या मशीनमध्ये त्या नसतील तर नंतर घालायची सोय नाही, आणि रिवाइंडिंगवाल्याला या पद्धतीची माहिती नसेल तर जळालेलं मशीन परत येताना त्या गायब झालेल्या असतात. हे मी दोनदा पाहिलंय.

पीएमजीत शाफ्टच्या मागच्या टोकाला कायमच्या चुंबकांचं एक छोटं वेगळं जनरेटर बसवलेलं असतं. इंजिन फिरतंय तोवर एव्हीआरला त्याच्याकडून वीज मिळतेच, मुख्य आउटपुटवर काहीही होवो. उरलेल्या चुंबकत्वाची गरज नाही, व्होल्टेज दर वेळी खात्रीनं उभं राहतं. मोटर सुरू होताना एव्हीआर पूर्ण जोर लावू शकतो, आणि शॉर्ट सर्किटमध्ये नेहमीच्या करंटच्या सुमारे तिप्पट करंट काही सेकंद टिकवून धरतो, साधारण दहा सेकंदांपर्यंत. स्टॅमफर्डमध्ये एमएक्स ३४१ आणि एमएक्स ३२१ हे पीएमजीवर चालणारे एव्हीआर. ३२१ तीनही फेज मोजतो आणि व्होल्टेज अर्ध्या टक्क्यात ठेवतो.

पीएमजीचा आणखी एक फायदा मेकॅनिक सहसा सांगत नाहीत, पण आजकाल मला तोच मोठा वाटतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह), मोठे यूपीएस, सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) यांच्यामुळे व्होल्टेजची लहर खडबडीत होते. शंट एव्हीआर त्याच खडबडीत लहरीवर जगतो, त्याच्या थायरिस्टरला (इलेक्ट्रॉनिक स्विचला) कधी पेटायचं तेच नीट कळत नाही आणि व्होल्टेज थरथरायला लागतं. पीएमजीची लहर लोडमुळे बिघडत नाही. मोजणी मात्र आउटपुटवरूनच होते, म्हणून असं लोड असेल तर पीएमजीबरोबर तीनही फेजची सरासरी घेणारा एव्हीआर घ्यावा, एकाच ठिकाणी मोजणारा नको. शीतगृहात फॅन, दिवे आणि ऑफिसचं लोड एकाच फेजवर ढकललेलं असतं तेव्हाही हीच गोष्ट लागू: एव्हीआर एका ठिकाणी ४१५ दाखवून समाधानी, आणि दुसऱ्या फेजवर ट्यूबलाइट मिणमिणतात.

साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीत किंवा मोठ्या वीज केंद्रांत वेगळी गणितं असतात. तिथे काही ठिकाणी स्लिप रिंगवर थेट थायरिस्टरची डीसी देणारं स्टॅटिक एक्सायटेशन असतं. त्यात मधला एक्सायटर नसल्यामुळे प्रतिसाद फार जलद मिळतो. शिवाय सहवीजनिर्मितीतली मशीनं ग्रिडला जोडलेली असल्यानं तिथे व्होल्टेजपेक्षा पॉवर फॅक्टर सांभाळणं महत्त्वाचं ठरतं. तुम्हाला त्यातलं एकच कामाचं: उद्या दुसरा सेट घेऊन दोन्ही एकत्र चालवायचे झाले तर दोन्ही एव्हीआरना ड्रूप सीटी (करंट मोजून एव्हीआरला कळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावावी लागेल, नाहीतर दोन सेट आपसातच रिअॅक्टिव्ह करंट (प्रत्यक्ष काम न करणारा) खेळवत बसतील आणि लोड कमी असतानाही अँपिअर भरमसाट दिसतील.

आता तुमच्या कॉम्प्रेसरकडे येऊ.

२५ हॉर्सपॉवर म्हणजे १८.५ किलोवॅटची मोटर पूर्ण लोडवर साधारण ३५ अँपिअर घेते. थेट लाइनवर सुरू केली तर सुमारे सहापट, म्हणजे २१० अँपिअर. ४१५ व्होल्टला ते १५१ केव्हीए होतात, तुमच्या सेटच्या जवळपास अडीचपट. अल्टरनेटरची ट्रान्झियंट रिअॅक्टन्स, म्हणजे अचानक आलेल्या करंटला मशीनच्या आतूनच होणारा अडथळा, १५ टक्के धरतो. या मापाच्या मशीनला ती साधारण १२ ते २० च्या मध्ये असते, तुमचा आकडा डेटाशीटवर पाहा. या हिशेबानं पहिला झटका सुमारे २७ टक्के येतो, म्हणजे ४१५ चे ३०५ व्होल्ट. हा आकडा काढताना मी एव्हीआर शंट आहे की पीएमजी हे कुठेच विचारात घेतलं नाही, कारण त्याचा इथे संबंधच नाही. हा झटका अल्टरनेटरच्या लोखंड-तांब्याचा आणि मोटरच्या करंटचा आहे. एव्हीआर जागा होऊन एक्सायटर आणि रोटरमधून त्याचा जोर पोचेपर्यंत तो झटका येऊन गेलेला असतो. त्यानंतर मूळ व्होल्टेजवर यायला अर्धा सेकंद लागतो की दोन, तिथे पद्धतीचा फरक दिसतो.

कॉन्टॅक्टरच्या मानकाप्रमाणे तो कॉइलच्या ८५ टक्के व्होल्टेजला ओढला गेलाच पाहिजे, पण ७५ टक्क्यांच्या खाली कधीही सुटू शकतो. २७ टक्के झटका म्हणजे ७३ टक्के व्होल्टेज. कधी टिकतो, कधी सुटतो, हे तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

पण तुमची मोटर तर स्टार-डेल्टावर आहे. स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश, ५० केव्हीए, झटका जेमतेम ११ टक्के, म्हणजे ३७० व्होल्ट. त्यावर कॉन्टॅक्टर सुटायला नको. मग सुटतो का? तुम्ही लिहिलंय की दिवे "दोनदा मंदावतात, दुसऱ्यांदा जास्त". मला वाटतं, सगळ्या प्रश्नाची किल्ली या वाक्यात आहे. पहिल्यांदा मंदावतात ते स्टारला. दुसऱ्यांदा मंदावतात ते डेल्टावर जाताना. मोटर स्टारमध्ये जवळजवळ पूर्ण वेगाला पोचली असेल तर डेल्टाचा झटका क्षणभराचा आणि हलका असतो. ती अर्ध्या वेगावर असतानाच टायमरनं डेल्टा दिलं तर मोटर जवळपास थेट लाइनवर सुरू केल्यासारखाच करंट ओढते, आणि मग तोच २७ टक्क्यांचा हिशेब. वर स्टारमधून डेल्टात जाताना मोटर क्षणभर सुटते आणि पुन्हा जोडली जाते, त्यामुळे पहिल्या एक-दोन सायकलमध्ये करंट आणखी वर जातो.

मोटर स्टारमध्ये वेग का घेत नाही? बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक, टायमर तीन-चार सेकंदांवर ठेवलेला, कारण महावितरणच्या लाइनवर तेवढ्यात काम भागायचं. सेटवर व्होल्टेज बसतं, आणि मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो. स्टारमध्ये तो आधीच एक तृतीयांश असतो, त्यात व्होल्टेज ८९ टक्के, म्हणजे हातात जेमतेम २६ टक्के उरतात. तेव्हा वेग घ्यायला जास्त वेळ लागणारच. दोन, कॉम्प्रेसरचा अनलोडर, म्हणजे सुरू होताना त्याच्यावरचा दाब काढणारी सोय, काम करत नाही. रिकामा कॉम्प्रेसर २६ टक्के टॉर्कवर फिरतो, दाबाखालचा फिरत नाही. अनलोडरची सोलेनॉइड अडकलेली, किंवा सेट सुरू झाल्या झाल्या ऑटोमॅटिक पॅनेलनं कॉम्प्रेसर सुरू केला आणि आतला दाब उतरलेलाच नाही, असं मी शीतगृहांत कितीदा तरी पाहिलंय. हे तपासायला खर्च काही नाही. टायमर आठ-दहा सेकंदांवर नेऊन बघा, मोटरचा आवाज चढून स्थिर झाल्यावरच डेल्टा लागलं पाहिजे. त्याआधी अनलोडर पाहा, कारण भरलेल्या कॉम्प्रेसरवर नुसता टायमर वाढवला तर मोटर स्टारमध्येच तापत राहील.

काही वायरमन कॉन्टॅक्टरच्या कॉइलला यूपीएसवरून वीज देतात, म्हणजे व्होल्टेज बसलं तरी तो सुटत नाही. भरलेल्या कॉम्प्रेसरवर मी हे करत नाही. कॉन्टॅक्टर धरून राहतो, मोटर मात्र अडून बसते आणि तिचं वाइंडिंग तापतं.

आता इंजिन. व्होल्टेजची म्हणून जी कामं माझ्याकडे येतात, त्यांतली कितीतरी निघतात वेगाची. प्रत्येक चांगल्या एव्हीआरमध्ये कमी फ्रीक्वेन्सीचं संरक्षण असतं, त्याला यूएफआरओ म्हणतात. हर्ट्झ एका मर्यादेखाली, साधारण ४७ च्या आसपास, गेले की एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज उतरवतो. त्यामुळे लोड हलकं होतं आणि दबलेलं इंजिन श्वास घेऊन पुन्हा वेग पकडतं. टर्बो इंजिनला याची फार गरज असते, कारण टर्बोची हवा मिळायला क्षणभर वेळ लागतो. हे संरक्षण एव्हीआरचा बिघाड समजून लोक त्याचा स्क्रू फिरवून ठेवतात. मग इंजिन दबलेलं असतानाही एव्हीआर पूर्ण व्होल्टेज द्यायला धडपडतो, फील्डचा करंट वाढवत नेतो, आणि एक दिवस एव्हीआर किंवा एक्सायटर जळतो.

मी सुरुवातीच्या वर्षांत एका दूध शीतकरण केंद्रावर लागोपाठ तीन एव्हीआर बदलले. चौथ्यांदा बोलावणं आलं तेव्हा कुठे टॅकोमीटर लावला. डिझेल वाचवायला कुणीतरी गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) खाली घेतला होता, रिकाम्या सेटवरच १५०० आरपीएम. साध्या मेकॅनिकल गव्हर्नरवर रिकामा सेट साधारण १५६० ते १५७५ ला ठेवावा लागतो, म्हणजे पूर्ण लोडवर तो १५०० ला येतो. इथे तो लोडवर १४१० ला उतरत होता, ४७ हर्ट्झ. त्यात डिझेल फिल्टर चोंदलेला. गव्हर्नर वर घेतला, फिल्टर बदलला, आणि तो एव्हीआर पुढे वर्षानुवर्षं टिकला. त्या शेतकऱ्यांच्या दूधसंस्थेचे तीन एव्हीआरचे पैसे माझ्यामुळे गेले, हे मी विसरलो नाही. तेव्हापासून हर्ट्झ पाहिल्याशिवाय मी एव्हीआरला हात लावत नाही.

कॅपॅसिटरबद्दल स्पष्टच सांगतो: सेटवर लावू नका. उलट, पॉवर फॅक्टरसाठी कॅपॅसिटर आपोआप जोडणारं तुमचं एपीएफसी पॅनेल असेल तर सेट चालू असताना ते आपोआप बंद होईल अशी इंटरलॉक करून घ्या. कॅपॅसिटरचा लीडिंग करंट अल्टरनेटरच्या चुंबकत्वात स्वतःची भर घालतो. एव्हीआर एक्सायटेशन कमी करत करत शून्यावर येतो, आणि त्यापुढे व्होल्टेज त्याच्या हातात राहत नाही. रात्री कॉम्प्रेसर बंद, फक्त दिवे चालू आणि कॅपॅसिटर लाइनवर, अशा वेळी ४१५ चं पावणेपाचशे झालेलं मी पाहिलंय. कंट्रोल कार्ड, टीव्ही, सीसीटीव्ही, सगळं एका रात्रीत गेलं होतं. पद्धत शंट असो वा पीएमजी, यात कुणीच वाचवू शकत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: पहिला झटका मोटरच्या करंटनं आणि अल्टरनेटरच्या रिअॅक्टन्सनं ठरतो. त्यानंतर इंजिन दबलं तर यूएफआरओमुळे व्होल्टेज आणखी उतरतं. मग सावरणं येतं, आणि त्या टप्प्यावर शंट सगळ्यांत मागे, एआरईपी आणि पीएमजी पुढे.

तुमच्याकडे यातलं काय होतंय हे ओळखायचा एक सोपा उपाय सांगतो. पॅनेलवरचा काट्याचा व्होल्टमीटर आणि हर्ट्झ मीटर एका चौकटीत येतील असा मोबाइल धरा आणि कॉम्प्रेसर सुरू होताना स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. साधं डिजिटल मीटर यासाठी चालत नाही, त्याचा आकडा बदलेपर्यंत घटना होऊन जाते. हर्ट्झ जवळपास जागेवर आणि व्होल्टेज झटकन पडून झटकन वर आलं, तर स्टार्टर आणि अनलोडर. हर्ट्झ ४७ कडे गेले आणि व्होल्टेज मागोमाग उतरलं, तर इंजिन: फिल्टर, गव्हर्नर, टर्बो. हर्ट्झ लगेच सावरले पण व्होल्टेज दोन-तीन सेकंद रेंगाळलं, तरच एक्सायटेशनचा संशय घ्या. तेव्हाही एव्हीआर विकत घेण्याआधी एक चाचणी करा: लोडचा ब्रेकर उघडा ठेवून, एव्हीआरच्या फील्डच्या दोन तारा सोडवून, त्या एक्सायटर फील्डला योग्य पोलॅरिटीनं १२ व्होल्टची बॅटरी द्या आणि सेट १५०० ला फिरवा. तीनही फेजचं व्होल्टेज एकमेकांशी एक टक्क्यात जुळलं आणि नेहमीच्या व्होल्टेजच्या दहा टक्क्यांत आलं, तर वाइंडिंग आणि फिरते डायोड ठीक, दोष एव्हीआरकडे. फेज जुळतात पण व्होल्टेज बरंच कमी आलं तर बहुधा डायोड गेलाय. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, कारण बॅटरी बारा व्होल्टची असली तरी आउटपुटला चारशे व्होल्ट असतात.

एवढं करूनही भागलं नाही आणि पैसे घालायचेच ठरले, तर माझा क्रम असा. आधी लाइट गेल्यावर लोड एकदम न येता टप्प्याटप्प्यानं येईल असे टायमर: पहिल्यांदा कॉम्प्रेसर, मग फॅन, शेवटी बाकीचं. मग कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी. व्हीएफडीनं सुरुवातीचा करंट नेहमीच्या करंटच्या आसपासच राहतो आणि झटक्याचा प्रश्नच मिटतो, पण लहर खडबडीत होते, आणि तेव्हा शंट एव्हीआर थरथरू लागला तर पीएमजीची खरी गरज पडेल. तुमच्या अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला पीएमजीसाठी शाफ्टची सोय असेल तर तो नंतर बसवता येतो, एव्हीआर बदलून. सोय नसेल तर त्यात पडू नका.

नवीन सेट घ्यायची वेळ आली तर मी पीएमजीच्या आधी अल्टरनेटरचं माप विचारीन. त्याच इंजिनवर ८२.५ केव्हीएचा अल्टरनेटर बसवून घेतला तर वरच्याच हिशेबात २७ टक्क्यांचा झटका २२ टक्क्यांच्या आत येतो, साधारण ३२५ व्होल्टवर, म्हणजे कॉन्टॅक्टर धरून राहील इतका. साध्या शंट एव्हीआरवरही. हे पीएमजीनं होत नाही. विक्रेत्याला आयएसओ ८५२८ चा वर्ग विचारा. जी२ मध्ये व्होल्टेज स्थिर स्थितीत अडीच टक्क्यांत राहायला हवं, ठरलेलं लोड अचानक आल्यावर २० टक्क्यांपेक्षा खाली जायला नको आणि ६ सेकंदांत सावरायला हवं. जी३ मध्ये हेच आकडे एक टक्का, १५ टक्के आणि ४ सेकंद. शीतगृहाला जी२ पुरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे "२५ हॉर्सपॉवरची मोटर, स्टार-डेल्टा, बाकीचं इतकं लोड चालू असताना, झटका जास्तीत जास्त इतका" हे वाक्य कोटेशनवर लिहून घ्या.

पीएमजी किंवा एआरईपी घेतलात तर ब्रेकरही पाहा. तुमच्या सेटचा पूर्ण करंट ८७ अँपिअर, त्याच्या तिप्पट म्हणजे २६१. बाजारातला साधा १०० अँपिअरचा एमसीसीबी तत्काळ ट्रिप व्हायला बहुधा ५०० च्या पुढे मागतो. मग शॉर्ट सर्किटमध्ये पीएमजी दहा सेकंद २६१ अँपिअर देत राहील आणि ब्रेकर विचार करत बसेल. जनरेटरसाठीचा, मॅग्नेटिक ट्रिप खाली आणता येणारा ब्रेकर घ्या आणि त्याचं सेटिंग २६१ च्या आत ठेवा, पण मोटरच्या स्टारमधल्या ७० अँपिअरवर, बाकीचं लोड धरून, तो उगाच उडणार नाही एवढी जागा राखून.

व्हिडिओ काढलात की तीन आकडे कळवा: रिकाम्या सेटचे हर्ट्झ, डेल्टा लागताना सर्वांत खाली गेलेले हर्ट्झ, आणि व्होल्टेज पुन्हा ४१५ वर यायला लागलेला वेळ. अल्टरनेटरच्या प्लेटचा फोटोही टाका, म्हणजे रिअॅक्टन्सचा नेमका आकडा धरून हिशेब पुन्हा मांडता येईल.